अॅम्ब्युलन्सचा उजवा दरवाजा

नाशिकच्या छावणीत माझी बदली झाली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॅप्टन होते आणि तोफखान्याच्या एका रेजिमेंटच्या गाड्यांची दुरुस्ती माझ्याकडे होती. माझं माहेर सातपूरचं. घरून स्कूटरवर जाता येईल अशी पोस्टिंग फौजेत क्वचित मिळते. आईला वाटलं, मुलगी आता दर रविवारी जेवायला येईल. पहिल्या तीन महिन्यांत मी दोनदा गेले.

लोक अजूनही पहिला प्रश्न विचारतात, बंदूक चालवली का. चालवली. फायरिंग सगळ्यांनाच करावं लागतं. पण माझी नोकरी क्लच प्लेट, ब्रेक ड्रम आणि अडकलेले नटबोल्ट यांच्यात गेली. त्याबद्दल कोणी विचारत नाही. मी ज्या प्रसंगाबद्दल लिहिते आहे तोही दरवाज्याच्या एका लोखंडी पट्टीचा आहे.

दिवस ठरलेला असे. सकाळी पीटी, नाश्ता, वर्कशॉपसमोर फॉल-इन, कामांची वाटणी. दुपारी जेवण, पुन्हा काम, संध्याकाळी खेळ आणि रोल कॉल. माझ्याबरोबर सुभेदार यादव होते, हरियाणाचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मला ते सुरुवातीला ‘सर’ म्हणत, मग चूक लक्षात येऊन ‘मॅडम’ म्हणत, आणि घाई असली की ‘सर मॅडम’ म्हणत. अवजारं आणि हात यांच्या बाबतीत मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवायची तो हवालदार दगाजी अहिरे. गाव सटाण्याजवळ. फौजेत पंधरा वर्षं हिंदी बोलूनही त्याची अहिराणी गेली नव्हती.

रेजिमेंटची अॅम्ब्युलन्स जुनी एक-टन गाडी होती, पेट्रोलवर चालणारी. तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. तिचा ड्रायव्हर नाईक पुंजाराम भोर, घोटीचा. घरी भाताची शेती, घरात सगळे शेतकरी, आणि हा एकटा स्टिअरिंगवर. म्हातारीचं इंजिन चांगलं होतं. भोर ते स्वतःच्या हातांनी पुसायचा. फायरिंगच्या काळात ती शहराच्या पश्चिमेला रेंजवर उभी असे, आणि पावसाळ्यात तिकडचा पाऊस महिनोन्महिने अंगावर घेत असे. त्यामुळे तिच्या पत्र्याला गंज लवकर चढायचा.

वार्षिक तपासणी डिसेंबरात होती. ज्यांनी छावणी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, तपासणीच्या आधी काय होतं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. रस्त्याकडेच्या दगडांना चुना. आगीच्या बादल्यांना लाल. गाड्यांना हिरवा. गाडी धुतात, खरवडण्याजोगं थोडं खरवडतात आणि डोक्यापासून पायापर्यंत ऑलिव्ह ग्रीन मारतात. नट, बोल्ट, बिजागऱ्या, सगळं एका रंगात. दुरून पाहिलं तर गाडी कालच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसते. तपासणारा अधिकारीही बहुधा दुरूनच पाहतो.

तपासणीला चार दिवस असताना भोर माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

“मॅडम, म्हातारीचा मागचा उजवा दरवाजा अर्ध्यावरच थांबतो.”

“ड्रिलमध्ये तर स्ट्रेचर आत जातं. मी पाहिलंय.”

“ड्रिलमध्ये जातं. ड्रिलमधला पेशंट धडधाकट असतो. आपण स्ट्रेचर वाकडं केलं की तो कोपर आत घेतो, दांडा धरतो. कालच्यानं तर मलाच सांगितलं, भोर, जरा डावीकडं. खरा पेशंट काय धरनार?”

“कधीपासून आहे हे?”

“मी आलो तवापास्नं.”

“आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं ना. दर वर्षी सांगतो. सांगितलं का रंग मारून मिळतो.”

मी त्याच्याबरोबर बाहेर गेले. मागे दोन झडपा होत्या. डावी पूर्ण उघडत होती, पण त्या बाजूला बाक आणि ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. स्ट्रेचरचे रूळ उजव्या बाजूला. उजवी झडप हातभर उघडली आणि थांबली. मी जोर लावला. ती तसूभरही हलली नाही. तेवढ्या फटीतून स्ट्रेचर न्यायचं तर एक बाजू उचलून तिरकं करूनच न्यावं लागे. रेजिमेंटमधल्या प्रत्येक स्ट्रेचर पार्टीला ते करता येत होतं. इतकी सवय झाली होती की तेच ड्रिल आहे असं नव्या पोरांना शिकवलं जात होतं. “उठाओ, तिरछा, अंदर.” कोणाला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

मी स्ट्रेचर मागवलं आणि त्यावर झोपले. पट्टे बांधायला सांगितले.

सुभेदार यादव धावत आले. “मॅडम, किसी जवान को लिटा देते हैं.”

“जवान पकड लेगा, साब. उसकी आदत है. मैं बेहोश हूं. मुझे कोई नहीं पकडेगा.”

चौघांनी उचललं. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. तिरकं केल्याबरोबर माझं सगळं वजन एका खांद्यावर आलं, मान एका बाजूला लटकली, आणि कपाळ दरवाज्याच्या कडेला आपटलं. लागलं फार नाही. पण छातीवर आणि गुडघ्यांवर पट्टे असूनही कंबर मधल्यामध्ये वळली. ती चांगलीच वळली. मी उठून उभी राहिले तेव्हा कोणी हसत नव्हतं.

“हाऊ दरवाजा मानूस मारी,” अहिरे म्हणाला.

दरवाजा अडत होता तो स्टॉपरमुळे. स्टॉपर म्हणजे काय ते सांगते. दरवाज्याच्या दोन बिजागऱ्यांच्या मधे एक लोखंडी पट्टी असते. तिचं एक टोक दरवाज्याला पिनेनं जोडलेलं, दुसरं टोक खांबातल्या खाचेत जातं. दरवाजा उघडला की पट्टी खाचेतून बाहेर सरकते, आणि शेवटच्या उंचवट्याशी येऊन अडते. त्यामुळे दरवाजा वाऱ्यानं मागे जाऊन पत्र्यावर आदळत नाही. रिक्षापासून ट्रकपर्यंत सगळीकडे अशी काहीतरी व्यवस्था असते. म्हातारीची पट्टी खाचेत गंजली होती, आणि त्या गंजावर दर डिसेंबरात रंग बसला होता. रंगानं खाचेचं तोंड बुजलं, मग आत तेल जाईना, पाणी मात्र जाई आणि राही.

सुभेदार यादवांचं म्हणणं सरळ होतं. तपासणी डोक्यावर आहे. खरवडलं तर लोखंड उघडं पडेल, पिन तुटली तर या गाडीचा सुटा भाग आता मिळत नाही, आणि दरवाजा निखळलेली गाडी दाखवण्यापेक्षा अर्धी उघडणारी दाखवलेली बरी. “इन्स्पेक्शन के बाद, मॅडम. पूरा खोल के कर लेंगे.” हे ते चुकीचं बोलत नव्हते. त्यांनी पंचवीस तपासण्या पाहिल्या होत्या. मी एकही जवळून पाहिली नव्हती.

मी कर्नल साहेबांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. काम करा. तपासणीच्या सकाळी गाडी रांगेत उभी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, अहिरे आणि भोर कामाला लागलो. मी स्वतः हात काळे करते हे वर्कशॉपला माहीत होतं, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. अहिरेनं पटाशीनं रंग खरवडायला सुरुवात केली. हिरवा, त्याखाली जरा वेगळा हिरवा, मग करडा, मग पुन्हा हिरवा.

भोर म्हणाला, “अहिरे, तुमच्या सटाण्याच्या कांद्याला इतके पापुद्रे नसत्यात.”

“मोजू नको. डोयाले पानी ई.”

खाचेचं तोंड मोकळं झालं. तारेच्या ब्रशनं गंज काढला. आता पिनेचं डोकं दिसत होतं. अहिरेला ब्लो लॅम्पच्या ज्योतीनं पिन तापवायची होती. “दोन मिनिटमा सुटी जाई, मॅडम.” मी नाही म्हणाले. पेट्रोलची गाडी, टाकीचं तोंड हातभर अंतरावर, आणि आत गाद्या. त्याला ते पटलं. “मंग धीर धरना पडी,” तो म्हणाला आणि रॉकेलमध्ये थोडं गिअर ऑइल मिसळून आणलं. ते मिश्रण खाचेत आणि पिनेभोवती सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं.

अशा कामात एक चूक सगळेच करतात. दरवाज्याला लोंबकळतात. दरवाजा लांब असल्यामुळे पट्टीवर जोर फार येतो, आणि मग पट्टी वाकते किंवा पिन ज्यात बसते तो लोखंडी कान पत्र्यातून उपटतो. दरवाजा ढकलायचा नाही. जितका जातो तितकाच मागेपुढे करायचा, बोटभर इकडे, बोटभर तिकडे, तेल आत ओढलं जाईपर्यंत. आणि पिनेवर घाव घालताना कोणीतरी दरवाजा खालून खांद्यानं उचलून धरायचा, म्हणजे त्याचं वजन पिनेवर राहत नाही. भोरनं खांदा लावला. अहिरेनं खालून पंचाची लोखंडी कांडी ठेवून हातोडीचे हलके घाव घातले. बऱ्याच वेळानं पिन नखाएवढी वर आली. काळं तेल ओघळलं.

“पिन चालनी,” अहिरे म्हणाला. त्यानं परत तेल सोडलं आणि बिडी प्यायला गेला. तेल मुरायला तेवढा वेळ हवाच होता.

फोन त्या वेळी वाजला. कर्नल साहेबांचे अॅडज्युटंट बोलत होते.

“रेंजवर तोफ ओढणारी गाडी बांधावरून उलटलीय. एक गनर खाली अडकलाय. रिकव्हरी पाठवा. आणि अॅम्ब्युलन्स.”

“रेंजवर दुसरी अॅम्ब्युलन्स आहे ना, सर?”

“ती सकाळी एका पेशंटला घेऊन हॉस्पिटलला गेली. तुमच्याकडची जवळ आहे.”

पिन अर्धवट होती. ती परत आत ठोकत बसण्यात अर्थ नव्हता. दरवाजा बंद होत होता, कडी लागत होती. मी उलटलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या रिकव्हरी व्हॅनमध्ये चढले. म्हातारी मागून. अहिरे न सांगता तिच्यात बसला. त्याच्या हातात हातोडी, पंच आणि तेलाचा डबा होता.

रेंजचा रस्ता शेवटी कच्चा आहे. व्हॅनमधल्या वायरलेसवर आवाज येत होता.

“रिकव्हरी, लोकेशन? ओव्हर.”

“नाका पार. कच्च्या रस्त्यावर. ओव्हर.”

“पेशंट होश में है. जल्दी. आउट.”

गाडी बांधाखाली एका कुशीवर पडली होती. मागे घेताना कडेची माती खचली होती. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला होता, त्याला खरचटलं होतं. गनरचा कंबरेखालचा भाग गाडीखाली होता. आमचे डॉक्टर, एक तरुण कॅप्टन, त्याच्याशेजारी मातीत गुडघे टेकून बसले होते. दोर लावायचा कुठे, गाडी कुठल्या बाजूनं उचलायची, उचलताना ती परत घसरू नये म्हणून काय अडकवायचं, हे माझं काम होतं. ते मी केलं. गाडी वीतभर उचलली गेली, लाकडी ठोकळे सरकवले, आणि चौघांनी त्याला फळीसारखा सरळ धरून बाहेर घेतला. स्ट्रेचरवर ठेवला. तो ओरडला नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून दिसलं की ते चांगलं लक्षण नव्हतं.

डॉक्टर उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “मणका गेलाय असं धरून चला. पोटातही रक्तस्राव असणार. एकदम सपाट न्यायचा. जरासुद्धा तिरका नाही.”

तोवर स्ट्रेचर पार्टी म्हातारीच्या मागे पोचली होती. पुढचा जवान सवयीनं म्हणाला, “उठाओ, तिरछा...”

“रुको,” मी म्हणाले. “नीचे रखो.”

डॉक्टरांनी दरवाजा पाहिला. “हा उघडत का नाही?”

“उघडेल.”

“थ्री-टन ट्रकमध्ये ठेवून नेऊ का?”

“फळ्यांवर? या रस्त्यानं? प्रत्येक खड्डा त्याच्या पाठीत जाईल. मला थोडा वेळ द्या.”

त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. पेशंटकडे पाहिलं. “थोडाच आहे,” ते म्हणाले आणि सलाइन लावायला लागले.

अहिरे आधीच गुडघ्यांवर बसला होता. भोरनं दरवाज्याखाली खांदा घातला आणि पाय रोवले. गाडी चढावर उभी होती, त्यामुळे दरवाजा आपोआप मिटायला बघत होता. अहिरेनं तेल सोडलं, पंच लावला आणि घाव घातला. या वेळी हलका नव्हता.

मला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. दोघांच्या मधे तिसरा हात शिरला असता तर अडचण झाली असती. मी स्ट्रेचरजवळ बसले. त्याच्या शर्टावरचं नाव वाचलं आणि मराठीत विचारलं, “गांगुर्डे, कुठला तू?”

त्यानं डोळे माझ्याकडे वळवले. “नाशिकरोड. तुम्ही मराठी?”

“सातपूर.”

“मग जवळच्याच.” मागे घाव पडला. “मॅडम, काय ठोकतायत?”

“दरवाजा.”

“माझ्यासाठी?”

“हो.”

“हळू ठोकायला सांगा. सरकारी आहे.”

भोरनं खांद्याखालूनच उत्तर दिलं, “तू गप पड. सरकारी हाय म्हनूनच उघडत नाय.”

गांगुर्डेच्या तोंडावर हसू आलं. डॉक्टरांनी मला खुणेनं सांगितलं, बोलत राहा. मी घरचं विचारलं. वडील पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. कॉलनीचं पाणी सोडायचं, बंद करायचं.

“मग तुमच्याकडे पाण्याची चैन,” मी म्हणाले.

“उलटं आहे. आमचा नळ सगळ्यात शेवटी. बाबा आमची लाइन आधी सोडतच नाहीत. म्हणतात, लोक बोलतील, गांगुर्डेनं स्वतःचं आधी भरलं. आई रोज भांडते.” त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. “मला पाणी मिळेल?”

“ओठ ओले करा फक्त,” डॉक्टर म्हणाले. मी कापूस ओला करून लावला.

मागे अहिरे थांबला होता. पिन अर्ध्याहून जास्त वर आली होती आणि तिथे अडली होती. आतल्या गंजाचं कडं असावं. अशा वेळी माणूस चिडून मोठा घाव घालतो आणि पिन कानातच वाकते. अहिरेनं हातोडी खाली ठेवली. पिन पकडीनं धरून डावी-उजवी पिळली, तेल सोडलं, परत पिळली. भोरच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

“आवर, अहिरे. माझा खांदा जातोय.”

“तुना खांदा सरकारी शे. बदलीसन नवा मियी.”

मग त्यानं परत पंच लावला. दोन घाव घातले, तिसरा घातला. पिन वर उडाली आणि मातीत पडली. पट्टी दरवाज्यापासून सुटली. भोरनं दरवाजा खांद्यावरून सोडला आणि पूर्ण उघडला, गाडीच्या कुशीला टेकेपर्यंत. मी त्या गाडीचा तो दरवाजा तसा उघडलेला कधीच पाहिला नव्हता. भोरनंही पाहिला नव्हता. आता अडवायला स्टॉपर नव्हता आणि चढामुळे दरवाजा परत फिरत होता. भोर त्याला पाठ लावून उभा राहिला.

“उठाओ,” मी म्हणाले. “सीधा. अंदर.”

चौघांनी उचललं. पुढच्या दोघांचे हात सवयीनं वाकडे व्हायला लागले, ते डॉक्टरांनी धरले. स्ट्रेचर रुळांवर गेलं, सरळ, पाण्याचा ग्लास ठेवला असता तर सांडला नसता असं. कुठला दांडा कशाला लागला नाही. दरवाजे मिटले. कडी लागली.

भोर परतीच्या कच्च्या रस्त्यानं बैलगाडीच्या वेगानं गेला. डांबर लागल्यावर वेग घेतला. मी मागे व्हॅनमध्ये होते. सगळा रस्ता मी म्हातारीच्या मागच्या दरवाज्याकडे पाहत होते. तो बंद राहिला.

लष्करी रुग्णालयात त्याला ताबडतोब ऑपरेशनला घेतलं. अॅडज्युटंटनी नाशिकरोडला जीप पाठवली. वडील ड्यूटीवर होते, त्यांना शोधायला वेळ लागला. ते आले तेव्हा हातात व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी किल्ली होती. सोडून येणार कुठे, म्हणून तशीच घेऊन आले होते. पहाऱ्यावरच्या शिपायानं ती दारात ठेवायला लावली. संध्याकाळी गांगुर्डे शुद्धीवर होता. आई-वडील त्याच्याजवळ बसले. काय बोलले ते मला माहीत नाही, मी बाहेर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पोटातला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला होता आणि दुसऱ्या ऑपरेशनला त्याचं शरीर टिकलं नाही. सर्जन मेजर साहेबांना मी विचारलं, सपाट आणल्यानं काही फरक पडला का. ते म्हणाले, “असे प्रश्न मला विचारू नका. तो जिवंत आला. एवढंच मी सांगू शकतो.” उत्तर बरोबर होतं.

तपासणी ठरलेल्या दिवशीच झाली. म्हातारी रांगेत उभी होती. अहिरेनं पट्टी काढून घासून परत बसवली होती, पिन लेथवर नवी करून घातली होती. खाच, पट्टी, पिन आणि दोन्ही बिजागऱ्या, एवढा भाग रंगाविना होता. तेलानं चमकत होता. बाकी गाडी हिरवीगार. तपासणारे ब्रिगेडियर साहेब मागे आले आणि तिथेच थांबले.

“यहां पेंट क्यों नहीं है?”

मी तोंड उघडायच्या आत सुभेदार यादव बोलले. “साब, इसको हिलना है.”

ब्रिगेडियर साहेबांनी दरवाजा स्वतः उघडला. तो पूर्ण उघडला आणि स्टॉपरवर हलकेच थांबला. ते पुढच्या गाडीकडे गेले. त्या संध्याकाळी यादवांनी सगळ्या गाड्यांच्या बिजागऱ्या उघड्या करायला घेतल्या. मी सांगितलं नव्हतं. आणि स्ट्रेचर ड्रिलमध्ये एक गोष्ट बदलली. मॉक पेशंटचे हात छातीवर बांधायचे आणि त्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. बिजागऱ्या उघड्या करताना पहिल्याच दिवशी असे अडकलेले आणखी चार दरवाजे सापडले.

पंधरा दिवसांनी मी आणि भोर गांगुर्डेच्या घरी गेलो. त्याची पेटी द्यायची होती. कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्याचा वर्दीतला फोटो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दोन दिवसांपूर्वीच झाला होता, घडी केलेल्या सतरंज्या अजून कोपऱ्यात होत्या. वडिलांनी ‘जय भीम’ केला, आम्हीही केला. पेटी त्यांनी उघडली नाही. पलंगाखाली सरकवून ठेवली. चहा आला. भोरनं घोटीचा नवा तांदूळ आणला होता, तो स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला.

चहा झाल्यावर वडील म्हणाले, “मॅडम, संजय म्हणाला होता, एक बाई होत्या, सातपूरच्या. तुम्हीच ना?”

“हो.”

“मला एकच विचारायचंय. तो आम्हाला म्हणाला, काही दुखलं नाही. पण तो तसंच म्हणणार. लहानपणापासून तसाच. तुम्ही तिथे होता म्हणून विचारतो. गाडीत घालताना त्याला आपटलं का?”

“नाही.”

“वाकडा केला?”

“नाही. दरवाजा पूर्ण उघडून सपाट नेला. कुठे काही लागलं नाही.”

माणसाला बरं वाटावं म्हणून असं उत्तर पुष्कळदा दिलं जातं. त्यांनाही ते माहीत असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भोरकडे पाहिलं.

भोर म्हणाला, “काका, दरवाजा मीच धरला होता.”

वडिलांनी मान हलवली. मग वळून आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, “ऐकलंस का गं? सपाट नेला त्याला.”

आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. 

पुढे मी नोकरी सोडली. शॉर्ट सर्व्हिस होती, मुदत संपली. छावणीत युद्धस्मारक आहे. त्यावर लढाईत गेलेल्यांची नावं असतात. बांधाची माती खचून गेलेल्याचं नसतं. नियम तसा आहे आणि नियमाशी माझं भांडण नाही. पण नाव कुठेतरी असावं म्हणून इथे लिहिते. गनर संजय काशिनाथ गांगुर्डे, नाशिकरोड.